आजोबांचा उजवा हात

पक्षाघातानंतर हाताला पकडणं आधी येतं, सोडणं नंतर. कित्येकांना सोडणं येतच नाही. हातात पेला दिला की बोटं त्याच्याभोवती मिटतात आणि मिटलेलीच राहतात. घरचे टाळ्या वाजवतात, वा, काय ताकद आली! त्या बिचाऱ्याला मात्र पेला खाली ठेवायचा असतो आणि ठेवता येत नाही. नाशिकला कॉलेजात हे मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. पुढे कतारला येऊन एका घरात ते डोळ्यांसमोर घडलेलं पाहिलं, आणि तेव्हापासून कुणी साध्या शेकहँडसाठी हात पुढे केला तरी मी आधी त्याची बोटं बघते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. नवरा गॅसच्या प्रोजेक्टवर, मी एका होम केअरच्या ऑफिसात. ऑफिस आम्हाला घरोघरी पाठवतं. अल रय्यानमधल्या त्या व्हिलावर माझी नेमणूक झाली तेव्हा ऑफिसातल्या बाईंनी बजावलं होतं, मोठी माणसं आहेत, जास्त बोलू नका. मला हे सांगायची खरंच गरज होती. मला बोलल्याशिवाय राहवत नाही, असं माझी सासूही म्हणते.

ती माणसं कतारी नव्हती, भारतीयही नव्हती. त्यांचा देश कुठला ते मी लिहिणार नाही. त्यांचे नातेवाईक अजून तिकडे आहेत, आणि खरं सांगायचं तर मीही अजून इथेच आहे. घरातले म्हातारे गृहस्थ तरुणपणी वेल्डिंगचं काम शोधत दोह्यात आले होते. पुढे त्यांनी लोखंडी फाटकं, रेलिंग, पाण्याच्या टाक्या बनवायचा कारखाना काढला. मग तसाच एक, याहून मोठा, आपल्या देशात काढला. आता सगळा कारभार मुलाच्या हाती होता आणि म्हातारे चाकाच्या खुर्चीत होते. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. समजत मात्र सगळं होतं. मी त्यांना पहिल्या दिवशी चुकून आजोबा म्हटलं. त्यांनी भुवया उंचावल्या, मी अर्थ सांगितला, आणि ते हसले. तेव्हापासून त्या घरात मी एकटीच त्यांना आजोबा म्हणत असे.

बोलता येत नव्हतं म्हणून मी त्यांना टिचक्या शिकवल्या. डाव्या हाताच्या बोटाने खुर्चीच्या दांड्यावर एक टिचकी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. घरच्यांपैकी सगळ्यात आधी मी ते मुलाला समजावलं. त्याने लगेच वडिलांसमोर गुडघ्यावर बसून विचारलं, डॅडी, मी तुमचा लाडका ना? आजोबांनी खट्याळपणे दोन टिचक्या मारल्या. बापलेक दोघेही हसत सुटले, आणि हसता हसता मुलाच्या डोळ्यांतून पाणी आलं. तो वाईट माणूस नव्हता. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं वाचून कुणालाही तसं वाटेल. ड्रायव्हरचाचांच्या आईचं ऑपरेशन रत्नागिरीला झालं, तो सगळा खर्च त्यानेच न मागता केला होता.

शुक्रवारी दुपारी त्यांच्याकडे सगळ्यांनी एका टेबलावर जेवायची पद्धत होती. मी, आजोबांची नर्स, ड्रायव्हरचाचा, कुणालाही वेगळं बसवत नसत. पहिल्या वर्षी त्या टेबलावर काय धमाल असायची! त्यांच्या देशात तेव्हा एक नवा पुढारी निवडणूक लढवत होता. मुलगा रुमाल खिशाला लावून, छाती काढून त्याच्यासारखा चालून दाखवायचा. सून पोट धरून हसायची. आजोबांना तर ठसका लागायचा, आणि मला उठून त्यांची पाठ चोळावी लागायची. तेव्हा त्या माणसाला घरात विदूषक म्हणत. तो निवडून आला तेव्हा त्याचा नुसता 'तो' झाला. त्याने वर्तमानपत्रं बंद केली, न्यायाधीशांना घरी बसवलं, आणि मग टेबलावर त्याच्याबद्दल कुणी काही बोलेनासं झालं. पुढे एका शुक्रवारी मुलगा म्हणाला, राष्ट्राध्यक्षांनी रस्ते मात्र चांगले केलेत हं. मी भात कालवता कालवता थांबले. बाकी कुणी थांबलं नाही, फक्त आजोबांनी चमचा खाली ठेवला.

त्यानंतर टेबलही बदललं. पाहुणे येऊ लागले, त्यांच्या वकिलातीतले. आम्हाला स्वयंपाकघरात वाढू लागले. जेवण तेच होतं, उलट आत जरा जास्तच मिळायचं. सून, म्हणजे आमच्या मॅडम, येऊन खांद्यावर हात ठेवून म्हणायच्या, राग नाही ना आला? राग आला होता. मी म्हटलं, नाही मॅडम.

त्या टेबलावर शुक्रवारी हमखास येणारा आणखी एक माणूस होता, कारखान्याचा इंजिनियर. तो त्यांच्याच देशातला, आजोबांच्याच गावचा. विशीत त्याला आजोबांनी इकडे आणलं होतं, आणि आता त्याचेच केस पिकले होते. बायको-मुलं नव्हती. तिकडे म्हातारी आई आणि एक भाऊ. वर्षानुवर्षं भारतीय कामगारांबरोबर वर्कशॉपमध्ये काढल्याने तो फर्डं हिंदी बोलायचा, फक्त व्याकरणाची फिकीर करायचा नाही. मला बहन म्हणायचा. आजोबा आजारी पडल्यापासून दर शुक्रवारी तो त्यांची दाढी करायचा. नर्सला करू द्यायचा नाही. फेस लावता लावता कारखान्यातल्या खबरा द्यायचा, कुठलं मशीन रुसलंय, बिरकत अल अवामेरला कामगारांच्या खोल्यांवर कुणाला मुलगा झाला, कुणाचं कुणाशी वाजलं. आजोबा गालावर वस्तरा असतानाही हसायचे, आणि तो ओरडायचा, "हिलो मत, कट जाएगा!"

त्याच्याचकडून मला कारखान्यातल्या 'वर्षाचा हात' या रिवाजाबद्दल कळलं. थंडी सुरू झाली की आजोबा एका सकाळी कारखान्याच्या फाटकात उभे राहत आणि आत येणाऱ्या प्रत्येक माणसाशी हात मिळवत. हात मिळवला म्हणजे हा माणूस पुढचं वर्षभर आपला. मग मंदी येवो नाहीतर काही होवो, त्याला काढायचं नाही. करारबिरार होतेच, पण कामगार मोजायचे तो हात. मुलानेही ही पद्धत कधी मोडली नव्हती. आजोबांनी ज्याचा हात सगळ्यांदेखत हातात घेतला, त्याला दुसऱ्या दिवशी घालवणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं.

मग इंजिनियरच्या भावाला पकडलं. भाऊ शाळामास्तर होता. त्याने वर्गात काहीतरी म्हटलं, एवढंच कळलं. पाठोपाठ इंजिनियरचा पासपोर्ट संपला तेव्हा वकिलातीने नवा द्यायला नकार दिला. परत या, मग बघू, असं उत्तर मिळालं. परत गेलेल्यांचं काय होतं हे त्यांच्या देशातलं शेंबडं पोरही जाणत होतं. दुसऱ्या एका देशात आसरा मिळावा म्हणून त्याने अर्ज केला होता, त्याला वेळ लागणार होता. तोवर इथे राहायचं तर कंपनीने त्याला आपला म्हणून धरून ठेवायला हवं होतं. कंपनीने हात काढून घेतला की खलास.

आणि नेमकं त्याच वेळी तिकडून कंपनीला मोठं काम चालून आलं. कुंपणांचं. व्हिलाच्या पोर्चमध्ये त्याचा नमुना कितीतरी दिवस भिंतीला टेकवून ठेवला होता, उंच, वरून आत वळवलेला. मी चाचांना म्हटलं, वळवलेलं टोक आतल्या बाजूला कशाला? चोर तर बाहेरून येतात.

"ताई, आत जे ठेवायचे त्यांच्यासाठी हाय तो," चाचा म्हणाले. "आपल्याला काय करायचाय? आपण आपला काम करावा नि गप ऱ्हावा."

मॅडमनी एकदा कॉफी देताना मला सगळं आपणहूनच सांगितलं. मी विचारलंही नव्हतं. त्यांना कुणाला तरी सांगायचं होतं आणि माझ्यासारखी सोयीची कोण होती! इंजिनियरला कंपनीत ठेवलं तर काम मिळणार नाही, आणि कदाचित तिकडचा कारखानाही सरकार घेईल, असं त्यांना अगदी हसतमुखाने सांगण्यात आलं होतं. "तो एकटा माणूस आहे," मॅडम म्हणाल्या. "तिकडे आमची केवढी माणसं आहेत. तूच सांग, आम्ही काय करायचं?" माझी कॉफी निवून गेली. त्या रडत होत्या, खोटं रडत नव्हत्या, आणि रडून झाल्यावर त्यांनी आरशात बघून काजळ नीट केलं.

आजोबांना हे सगळं कळलं होतं. कसं कळलं, मला माहीत नाही. घरात त्यांच्या खुर्चीसमोरच सगळे बोलायचे, जसे माझ्यासमोर बोलायचे. एका सकाळी मी त्यांचे खांदे हलवत होते तेव्हा त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. मग भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. कारखान्याचं फाटक, समोर ते स्वतः, आणि त्यांचा हात हातात घेऊन उभा असलेला तरुणपणीचा इंजिनियर. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे बोट दाखवलं. मग माझ्याकडे.

"या वर्षी फाटकात त्याच्याशी हात मिळवायचाय?" मी विचारलं.

एक टिचकी. इतकी जोरात की नर्स आतून धावत आली.

त्यानंतर आम्ही दोघांनी त्या हातावर जी मेहनत घेतली तशी मी आजवर कुणावर घेतली नव्हती. माझी ठरलेली वेळ संपली तरी मी थांबायचे. ऑफिसातून विचारणा झाली, मी थापा मारल्या. रबरी चेंडू, लाकडी ठोकळे, ओला स्पंज, गव्हाच्या पिठाचा गोळा. आजोबांना घाम फुटायचा. ते चिडायचे, डाव्या हाताने सगळं भिरकावून द्यायचे, आणि मग भिरकावलेलं मला उचलून आणायला लावायचे. हळूहळू बोटं मिटू लागली. पण मिटली की उघडत नसत. मग मी त्यांचं मनगट खाली वाकवायचे, अंगठ्याच्या मुळाशी धरून तो हळूच बाहेर ओढायचे, आणि एकेक बोट सैल करायचे. दरवेळी ते माझ्याकडे बघत राहायचे, ओशाळल्यासारखे. मी म्हणायचे, आजोबा, पकड आली ना, सोडणंही येईल, इन्शाल्ला. येईलच असं मला वाटत नव्हतं. पण फाटकात काय, इंजिनियरचा हात सुटला नाही तरी चालणारच होतं. उलट ते बरंच होतं.

एकदा सरावाच्या वेळी मुलगा दारात येऊन उभा राहिला. आजोबांच्या मुठीत माझा हात होता. मुलाने धावत येऊन आपला हात पुढे केला, आजोबांनी तो धरला, आणि तो मोठा माणूस लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. मला म्हणाला, तुम्ही चमत्कार केलात. सोडवताना मी त्याला समजावून सांगितलं, की सर, त्यांना धरता येतं, सोडता येत नाही, ते मुद्दाम धरून ठेवत नाहीत. तो मान हलवत होता. त्याने ते नीट ऐकलं होतं, हे पुढे मला पक्कं कळलं.

वर्षाच्या हाताचा दिवस ठरला. आदल्या आठवड्यात इंजिनियर दाढी करायला आला तेव्हा आजोबांनी त्याच्यासमोर उजवा हात मिटून दाखवला. त्याच्या हातातला वस्तरा खाली पडला. आजोबांच्या अर्ध्या फेसाळ गालाला गाल लावून तो कितीतरी वेळ वाकून उभा होता. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. बरं वाटून रडले, हेच आता आठवलं की जीव जळतो.

वर्षाच्या हाताच्या दिवशी मी मुऐदरच्या बाजारातून आजोबांसाठी नवा पांढरा रुमाल घेतला आणि व्हिलावर पोचले. मला वाटलं होतं गाडी कारखान्याकडे निघायच्या तयारीत असेल. पण अंगणात काळ्या गाड्या उभ्या होत्या आणि मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, दिवे लावले होते. चाचा मला बघून जवळ आले.

"कारखान्यात नाय जायाचा आज," ते खाली बघत म्हणाले. "पोरांना खोल्यांवरच बिर्याणीची पाकिटा धाडली. कार्यक्रम हितंच हाय. आणि ताई, इंजिनियरसाहेब आलेले. त्यांना गेटवरनंच परत घालवला. वॉचमनला तसा सांगून ठेवलेला."

"कुणी सांगितलं?"

"कुनी म्हंजे? मालकानी."

आत मजलिसमध्ये त्यांच्या देशाचा कुणी बडा माणूस आला होता. राष्ट्राध्यक्षांचा खास दूत, असं नर्सने माझ्या कानात सांगितलं. कॅमेरेवालेही होते. आजोबांना सूट घातला होता. दाढी केली होती, पण कुणा दुसऱ्याने, कानाखाली खुंट राहिलेले मला लांबूनही दिसले. त्यांनी मला पाहिलं आणि डोळ्यांनी विचारलं, कधी निघायचं? त्यांना अजून काहीच कळलं नव्हतं.

मग तो दूत उठला. गोरागोमटा, गोड हसणारा माणूस. तो आजोबांसमोर वाकला आणि त्याने हात पुढे केला. आजोबांचा उजवा हात मांडीवर पडून होता, तो त्यांनी उचलला नाही. मुलाने तो उचलला, अगदी हळुवार, जसं मी त्याला शिकवलं होतं तसंच, आणि दूताच्या तळव्यावर ठेवला. बोटं मिटली. ती मिटणारच होती. तळव्याला काही लागलं की मिटायचं, एवढंच तर मी त्यांना इतके दिवस शिकवलं होतं.

त्याच क्षणी मुलाने खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन वडिलांचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. फोटोत ते किती प्रेमाचं दिसतं! टिचक्यांचा अर्थ त्याच्याइतका चांगला त्या खोलीत मी सोडून कुणाला माहीत होता? आजोबांचं डावं बोट त्याच्या मुठीत तडफडताना मला दिसत होतं.

आजोबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. हात कसा सोडवायचा ते मला येत होतं. मनगट खाली, अंगठा बाहेर, बस्स. मी दोन पावलं पुढे झाले. मॅडमनी माझा दंड धरला आणि ओठ न हलवता म्हणाल्या, "एक मिनिट. फोटो होऊ दे." त्यांनी धरलं म्हणून मी थांबले असं म्हणता येईल, पण त्यांची पकड काही तेवढी घट्ट नव्हती. मला माझी नोकरी दिसली, नवऱ्याचा व्हिसा दिसला, मुलीची शाळा दिसली. हे सगळं मला तेव्हा खरंच दिसलं की नंतर मी ते जोडलं, देव जाणे. मी उभी राहिले. कॅमेरे चालू होते. आजोबांच्या गालावरून पाणी वाहू लागलं, आणि दूत भारावलेल्या आवाजात काहीतरी म्हणाला, त्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

फोटो झाल्यावर दूताने हात मागे घ्यायचा प्रयत्न केला आणि त्याला तो घेता येईना. तो हसला. मग जरासा घाबरला. तेव्हा मुलाने मला खूण केली, आता या. मी खाली बसले, मनगट वाकवलं, अंगठा ओढला, आणि एकेक बोट सोडवलं. "काय ताकद आहे या वयात!" दूत इंग्रजीत म्हणाला. मी मान खाली घालून म्हटलं, येस सर.

रात्री जेवताना मी घरी सगळं सांगितलं. नवऱ्याने हातातला पोळीचा तुकडा ताटात ठेवला. मग म्हणाला, "आपण इथे पाहुणे आहोत. त्यात पडू नकोस." मुलगी टेबलावरून उठता उठता म्हणाली, "आई, जस्ट टेल समवन ना." कुणाला, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. किती तरी वेळ मीच मनातल्या मनात नावं शोधत बसले होते, आणि एकही सापडत नव्हतं.

फोटो त्यांच्या देशात सगळीकडे छापून आला. टीव्हीवर आला, म्हणे रस्त्यातल्या मोठ्या फलकांवरही लागला. ज्यांच्या शब्दावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवायचे त्या गृहस्थांनी राष्ट्राध्यक्षांच्या माणसाचा हात हाती घेतला आणि आनंदाश्रू ढाळले. कुंपणांचं काम कंपनीला मिळालं. पोर्चमधला नमुना उचलून नेला. इंजिनियरला कंपनीने कामावरून मोकळं केलं, सगळं देणं चुकतं करून, वर निरोपाचं घड्याळ देऊन.

पुढच्या शुक्रवारी घरचे सगळे पाहुण्यांना घेऊन समुद्रावर गेले होते. आम्हाला गप्प राहायला सांगणाऱ्या त्याच चाचांनी मागच्या दाराने, स्वयंपाकघरातून, इंजिनियरला आत घेतलं. तो दाढीचं सामान घेऊन आला होता. त्याने पाणी गरम केलं, फेस केला, आजोबांची दाढी केली. या वेळी कुठल्याच खबरा नव्हत्या. कानाखालचे खुंट त्याने बोटाने चाचपून चाचपून काढले. आजोबा डोळे मिटून बसले होते.

मला राहवेना. मी त्याला हिंदीत म्हटलं, भाई, तो फोटो खरा नाही. त्यांनी हात दिला नाही, तो ठेवला गेला. आणि त्यांना सोडता येत नव्हतं. हा आजार आहे, पकडलेलं सुटत नाही.

तो टॉवेलने वस्तरा पुसत होता. "बहन, मैं जानता," तो म्हणाला. "इतना साल से इनका हाथ मैं नहीं जानेगा? लेकिन मेरी माँ फोन किया. बोली, तेरा बुड्ढा भी उधर चला गया, अब तू किसके भरोसे बैठा है. मेरी माँ को कौन बोलेगा?"

मी फेसाचं भांडं विसळायला घेतलं.

मग त्याने आजोबांसमोर उभं राहून हात पुढे केला. फोटोत आहे तसाच, सरळ उभा राहून. आजोबांनी डोळे उघडले. उजवा हात त्यांनी स्वतः उचलला, मांडीपासून पार छातीपर्यंत. एवढा तो त्यांनी सरावातही कधी उचलला नव्हता. पण मूठ मिटलेली होती. मन ताणलं की स्नायूही ताणतात, हेही पुस्तकात आहे. मी धावत गेले. मनगट खाली वाकवलं, अंगठा ओढला. उघडेना. पुन्हा केलं. गरम पाण्याचा टॉवेल गुंडाळला, चोळलं, बोटाला बोट लावून ओढलं, आजोबांच्या कपाळावर घाम आला, माझ्याही आला. मूठ दगडासारखी घट्ट होती. आजोबा रडत होते आणि त्यांच्या घशातून एक आवाज येत होता, तो मी पुन्हा ऐकू इच्छित नाही.

"छोड़ो, बहन," इंजिनियर म्हणाला. "चलेगा." त्याने ती मिटलेली मूठ आपल्या दोन्ही हातांत घेतली, फाटकात हलवायचे तशी एकदा वरखाली हलवली, आणि सामान उचलून तो मागच्या दाराने गेला.

त्याचं मायदेशी परतीचं विमान त्याच आठवड्यात होतं, वकिलातीने तेवढ्या प्रवासापुरता कागद दिला होता. चाचा त्याला सोडायला गेले होते. तिकडे उतरल्यावर फोन करतो म्हणाला होता. चाचा अजून अधूनमधून लावून बघतात आणि मला सांगतात, "लागत नाय ताई." दुसऱ्या देशातून त्याच्या अर्जाला उत्तर आलं की नाही, तेही आम्हाला कळलं नाही. त्याच्या आईचा पत्ता माझ्याकडे नाही. आणि हे मी मराठीत लिहितेय, ती माऊली हे कधी वाचणार नाही.

मी अजूनही त्या घरी जाते. मुलगा अजूनही दारात थांबून विचारतो, कशी आहे प्रगती? मी सांगते, हळूहळू होतंय सर. फोटो मजलिसमध्ये लावलाय, आधीचा फाटकातला फोटो काढून त्याच खिळ्यावर. आजोबा आता उजवा हात मला देत नाहीत. मूठ पोटाशी धरून, वर डावा हात झाकून बसतात. चेंडू दाखवला की दोन टिचक्या. स्पंज दाखवला की दोन टिचक्या. नेलकटर दाखवला तरी दोन टिचक्या.

पण मिटलेल्या मुठीत नखं वाढतात आणि तळव्यात रुततात, रक्त येतं, म्हणून ती कापावीच लागतात. तेवढ्यासाठी मी नर्सला त्यांचा डावा हात धरायला सांगते.